मोटारीला ओप देण्यापूर्वीं

गेल्या महिन्यांत ह्या सदरांत आम्हीं चांदीच्या भांड्यांविषयीं चार शब्द लिहिले. त्यावर आलेल्या पत्रांपैकीं सातारा जिल्ह्यांतील एका भगिनींचें पत्र आम्हांस विशेष वाटलें. त्यांच्या घरीं मामंजींच्या वेळची एक प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. मामंजी जाऊन दोन वर्षें झालीं. तेव्हांपासून ती पडवीशेजारच्या छपरांत उभी असते. चालते, पण रंग विटला आहे आणि दोन्ही बंपरांवर तपकिरी ठिपके उठले आहेत. थोरल्या भावोजींच्या मतें ती विकून छपर मोकळें करावें. सासूबाईंचा जीव मात्र तिच्यांत अडकलेला. शेवटीं घरांत अशी तडजोड ठरली कीं, दसऱ्याच्या पूजेस शोभेल अशी ती करून दाखवली तर राहील, नाहीं तर दिवाळीपूर्वीं जाईल. भगिनी विचारतात : "देवाचीं उपकरणीं आम्ही चिंचेनें नि रांगोळीनें घासतों, तीं लखलखीत होतात. बंपरहि तसाच घासावा काय? शेजारच्या मुलानें न्हाणीघर धुण्याचें आम्ल लावून पाहा म्हणून सुचवलें आहे. कारागीर बोलावण्याइतका पैसा ह्या कामीं मिळणार नाहीं."

आम्लाची बाटली प्रथम होती त्या जागीं परत ठेवावी. चिंच आणि रांगोळीहि नकोत. कां, तें सविस्तर सांगणें जरूर आहे. कारण हीच चूक पुण्यामुंबईच्या नव्या मोटारींवरहि रोज होत आहे, आणि ती करणारीं माणसें आळशी नसून उलट फार कष्टाळू असतात.

समई ही आंतबाहेर पितळेची. चिंचेचें आम्ल तिच्यावरील काळपट थर विरघळवतें, रांगोळी उरलेला खरवडून काढते, आणि खालीं पुन्हां पितळच निघतें. शंभर वर्षें घासली तर समई थोडी हलकी होईल, नक्षी पुसट होईल. पण पितळेखालीं निराळें कांहीं निघणार नाहीं. मोटारीचें तसें नाहीं. मोटारीवर जें जें म्हणून चकाकतें, तें बहुतेक सर्व मुलाम्याचें किंवा लेपाचें असतें. ज्या घरांतून तांब्यापितळेचीं पातेलीं वापरांत होतीं, तेथील वडील मंडळींस हा भेद सांगावा लागणार नाहीं. कल्हईवाला दारांत भाता लावून बसे, नवसागराचा धूर निघे, कथलाचा हात फिरे. आणि मग त्या पातेल्याच्या आंतल्या अंगास राखेचा खरखरीत हात लावावयाचा नाहीं, अशी सक्त ताकीद असे. बाहेरून हवें तितकें घासा, आंतून हलक्या हातानें धुवा. मोटारीस हें कल्हईचें शास्त्र लागू आहे, समईचें नव्हे.

मोटारींच्या आरंभींच्या काळीं प्रकार निराळा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतील मोटारींचे दिवे, भोंगे, पाणी थंड करणाऱ्या पेटीची चौकट हीं खऱ्या पितळेचीं असत, आणि तीं घासण्यांत नोकरांची सकाळ जाई. तो त्रास चुकवण्यासाठीं निकेलचा मुलामा आला. परंतु निकेलहि कालांतरानें पिवळट पडतें. १९२०-३० ह्या दशकाच्या मध्यास क्रोमियमचा मुलामा कारखान्यांतून देतां येऊं लागला, आणि दशकाच्या अखेरीस तो मोटारींवर सर्रास दिसूं लागला. क्रोमियमचा मोठा गुण हा कीं, तें हवेनें मळत नाहीं. म्हणजे जो मुलामा मुळीं घासावा लागूं नये म्हणून आणला, तोच आपण आतां घासावयास निघालों आहोंत!

हा थर किती जाड असतो, तें पाहण्याजोगें आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. बंपरावरील क्रोमियम बहुधा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतें. त्याच्याखालीं दहा ते तीस मायक्रॉन निकेल, कित्येकदां त्याखालीं तांबें, आणि सर्वांच्या खालीं साधें पोलाद. गंजाविरुद्धचा खरा बांध निकेलचा. जेथें त्याला बारीक छिद्र पडलें, तेथें पाणी पोलादापर्यंत पोंचतें, आणि तेथला गंज छिद्रांतून वर येऊन तपकिरी ठिपका होतो. तेव्हां डाग क्रोमियमवर दिसला तरी तो क्रोमियमचा नव्हे. न्हाणीघर धुण्याच्या बाटल्यांत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतें, आणि तें आम्ल क्रोमियमला विरघळवतें. बंपर क्षणभर स्वच्छ दिसेल. मग निळसर झांक जाऊन निकेलची पिवळसर झांक दिसूं लागेल, आणि छिद्रांत शिरलेलें आम्ल पुढच्या पावसाळ्यांत आपलें काम दाखवील.

मग करावें काय? साबणाच्या पाण्यानें बंपर धुवावा. पोळ्या गुंडाळण्याचा जो अॅल्युमिनियमचा पातळ कागद स्वयंपाकघरांत असतो, त्याचा तळहाताएवढा तुकडा चुरगाळून पाण्यांत बुडवावा आणि ठिपक्यांवर बेताच्या हातानें गोल फिरवावा. अॅल्युमिनियम हें क्रोमियमहून पुष्कळ मऊ आहे, म्हणून ओरखडा पडत नाहीं. गंज मात्र सुटून तपकिरी चिखलासारखा बाहेर येतो. तो लगेच पुसावा, नवा तुकडा घ्यावा, पाणी कमी पडूं देऊं नये. भांडीं घासण्याची तारेची घासणी येथें वर्ज्य. सर्व ठिपके गेले कीं स्वच्छ पाण्यानें धुऊन कोरडें करावें आणि मेणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे छिद्रें कांहीं काळ बुजलेलीं राहतात. जवळून पाहिल्यास सुईच्या टोंकाएवढे काळे खड्डे दिसतील, ते राहणारच. चार हातांवरून बंपर आरशासारखा दिसेल, आणि दसऱ्याच्या पूजेस भावोजी बंपराला नाक लावून उभे राहणार नाहींत, अशी आमची खात्री आहे. मुलामा पापुद्र्यासारखा उचलला गेला असेल, तर मात्र घरगुती उपाय नाहीं. नवा मुलामा देणाऱ्या कारखान्याकडेच तो भाग धाडला पाहिजे.

येथें एक सामान्य सूचना करतों. कोणत्याहि चकाकत्या भागास हात लावण्यापूर्वीं तो कशाचा आहे हें ओळखावें. लोहचुंबक जवळ ठेवावा. तो चिकटला तर आंत पोलाद आहे. (स्टेनलेसच्या कांहीं जातींसहि तो चिकटतो, कांहींस नाहीं.) चिकटला नाहीं आणि नखानें टिचकी मारल्यास बसका आवाज आला, तर तें प्लास्टिक होय. नव्या मोटारींच्या तोंडावरील चांदीसारखी जाळी बहुधा प्लास्टिकचीच असते, तिच्यावर धातूचा पातळ मुलामा असतो. तिला कधीं गंज लागत नाहीं आणि घासण्यानें ती कधीं सुधारत नाहीं. साबण आणि मऊ फडकें ह्यांपलीकडे तिला कांहीं नको.

अॅल्युमिनियमची गोष्ट थोडी निराळी. हा धातु आम्लानेंहि बिघडतो आणि क्षारानेंहि. धुण्याच्या सोड्यांत भिजवलेलीं अॅल्युमिनियमचीं भांडीं कळाहीन होतात, हा अनुभव घरोघरचा आहे. त्याची परीक्षा अशी : पांढऱ्या फडक्यावर धातूच्या पॉलिशाचा थेंब घेऊन कोपऱ्यांत हलकेच घासावें. फडकें काळें झालें तर धातु उघडा आहे, त्याला पॉलिश चालेल, आणि खरोखर फार सुंदर ओप येईल. फडकें काळें झालें नाहीं, तर वर पारदर्शक रंगाचा किंवा विजेच्या साहाय्यानें कठीण केलेला संरक्षक थर आहे. तेथें पॉलिश लगेच थांबवावें. हल्लींच्या मिश्रधातूच्या चाकांवर बहुधा असा पारदर्शक रंग असतो. त्यांना धातु न समजतां रंगच समजावें.

पितळ मोटारीवर आतां उरलेलें नाहीं म्हटलें तरी चालेल. राहिली ती समोरच्या फळीवरील गणपतीची मूर्ति. तिला उजळावयाचें असेल तर मोटारींतून काढून देवघराशेजारीं बसून उजळावें, जागच्या जागीं नव्हे. पितळेच्या पॉलिशांत पुष्कळदां अमोनिया असतो आणि त्याचे थेंब प्लास्टिकवर पडले तर पांढरे डाग राहतात. पितळ आणि अमोनिया ह्यांच्या वैराची एक मौजेची हकीकत आहे. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रजी फौजेच्या काडतुसांचीं पितळी नळकांडीं पावसाळ्यांत आपोआप तडकत. पुढें १९२१ सालीं तीन इंग्रज संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, ताणाखालीं असलेल्या पितळेला अमोनिया लागला कीं तें तडकतें. काडतुसें घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेलीं असत, आणि तेथील मूत्राचा अमोनिया पावसाळी दमट हवेंत त्यांना भोंवत होता. मूर्ति घासतांना असें कांहीं होणार नाहीं. पण पॉलिश लावून तासभर तसेंच ठेवूं नये, लगेच पुसून धुवावें, एवढा बोध पुरे.

आतां रंगाकडे वळूं, कारण मोटारीचें सौंदर्य मुख्यतः तेथें असतें आणि नासाडीहि तेथेंच होते. गृहसंकुलांतून सकाळीं सहा वाजतां एक माणूस येतो. त्याच्याजवळ एक बादली आणि एक फडकें. तेवढ्यावर त्याला दहा-पंधरा मोटारी पुसावयाच्या असतात. पहिल्या मोटारीची धूळ दुसरीवर, दुसरीची तिसरीवर. कित्येक घरांतून तर पाणीहि नसतें, कोरडें फडकें झटकून चारी बाजूंनीं फिरवतात. रस्त्याच्या धुळींत वाळूचे कण असतात, आणि वाळू रंगाहून कितीतरी कठीण. कोरडें पुसणें म्हणजे अत्यंत सौम्य असा कांचकागद रोज फिरवणें. वर्षभरांत उन्हाचें प्रतिबिंब ज्या जागीं पडतें, तिच्याभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसूं लागतात. काळ्या मोटारीवर तर फारच. मग धनी त्या माणसावर रागावतो. आम्हांस हें अन्यायाचें वाटतें. त्याला आपण तीन स्वच्छ फडकीं आणि ताजें पाणी दिलें आहे काय? रोज पुसण्याचा आग्रह कोणाचा? आठवड्यांतून एकदां नीट धुणें आणि मधल्या दिवसांत मुळींच हात न लावणें, हें रोजच्या पुसण्याहून शतपटीनें बरें. त्याचा पगार तेवढाच ठेवावा आणि काम असें बदलून द्यावें.

धुण्यासाठीं रबरी नळी सोडून ठेवण्याचें कारण नाहीं. मिनिटास दहा लिटर पाणी येणारी नळी दहा मिनिटांत शंभर लिटर पाणी गटारांत घालते. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. त्याच महाराष्ट्रांत आपण राहतों. दोन बादल्या, म्हणजे तीस लिटर, आणि वरून ओतण्यास आणखी एक, एवढ्यांत मोटार उत्तम धुतां येते. एका बादलींत मोटारीचा शांपू, दुसरींत नुसतें पाणी. आधीं वरून पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. मग फडकें शांपूंत बुडवून टपापासून खालीं यावें. दर दोन हातांनंतर तें साध्या पाण्यांत खळबळून वाळू तळाशीं सोडावी, आणि मगच पुन्हां शांपूंत घालावें. दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटीं, कारण वाळू तेथें फार. चाकांचें फडकें निराळें असावें आणि तें वर कधीं येऊं नये. सोंवळ्या-ओंवळ्याचा इतका काटेकोर उपयोग आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाहीं. जमिनीवर पडलेलें फडकें धुतल्याशिवाय पुन्हां वापरूं नये. हें सर्व सावलींत, पत्रा थंड असतांना करावें. उन्हांत साबण जागींच वाळतो. कूपनलिकेचें पाणी जड असेल तर आपोआप वाळूं देऊं नये, लगेच टिपावें. पांढरे चुन्याचे ठिपके राहिलेच तर पांढरें व्हिनेगर आणि तितकेंच पाणी एकत्र करून, लावून, लगेच धुवावें. धुणाऱ्यानें हातांतील अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्या, आणि पट्ट्याचें बक्कल झांकावें. रंगावरचे किती ओरखडे बकलाचे असतात, हें दार उघडण्याच्या उंचीवर पाहिल्यास कळेल.

पक्ष्यांची विष्ठा आणि आंब्याखालचा चिकटा ह्या दोन गोष्टींस मात्र आठवडाभर थांबूं नये. विष्ठेंतील आम्ल उन्हानें रंगांत उतरतें. ती खरवडून काढूं नये. ओलें फडकें पांच-सात मिनिटें वर ठेवावें, मऊ झाल्यावर उचलून घ्यावी. मोहोराच्या दिवसांत आंब्यावरील तुडतुडे मधासारखा चिकट रस गाळतात, त्यावर पुढें काळी बुरशी धरते. कोमट पाणी आणि शांपू ह्यांनीं तो सहज जातो, वेळींच हात लावला तर.

धुऊन कोरड्या केलेल्या बॉनेटवरून, हातांत प्लास्टिकची पातळ पिशवी घालून, बोटें फिरवून पाहावीं. डोळ्यांस गुळगुळीत दिसणारा रंग बोटांस रव्यासारखा लागेल. रेल्वेच्या रुळांजवळ, कारखान्यांजवळ आणि ब्रेक लागतांना उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण रंगांत रुतलेले असतात. त्यांना काढण्यास मोटारीच्या दुकानांत एक विशिष्ट चिकणमातीची वडी मिळते. शांपूचें पाणी भरपूर शिंपडून ती नुसती सरकवावयाची, दाबावयाची नाहीं. रव्याचा खरखरीतपणा जाऊन पत्रा कांचेसारखा लागूं लागतो. आमच्या मतें जुन्या मोटारीस सर्वांत मोठा पालट ह्या एका कामानें दिसतो. पुष्कळांस येथेंच थांबून मेण लावतां येईल.

कारण पॉलिश म्हणजे काढून टाकणें. मेण भर घालतें, पॉलिश वजा करतें. हा हिशेब बाटलीवर लिहिलेला नसतो. हल्लींच्या मोटारीस रंगाच्या वर पारदर्शक लेप असतो, सुमारें चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. म्हणजे केसाहूनहि पातळ. उन्हांतील अतिनील किरण अडवणारीं द्रव्यें त्याच लेपांत असतात. एका जोरकस पॉलिशानें त्यांतले दोन-चार मायक्रॉन जातात. दर दिवाळीस नेमानें पॉलिश करणाऱ्याची मोटार पहिलीं कांहीं वर्षें शेजाऱ्यांच्या डोळ्यांत भरते, आणि पुढें टपावर व बॉनेटवर पांढुरके चट्टे पडूं लागतात. तो लेप संपलेला असतो, आणि नवा रंग देण्यावांचून त्यावर इलाज नाहीं. म्हणून जें काम सौम्य पॉलिशानें होईल त्यास कडक पॉलिश घेऊं नये, जें मेणानें झांकेल त्यास पॉलिशच लावूं नये, आणि पत्र्याच्या कडा व कोपरे ह्यांवर हात मुळींच रेंगाळूं देऊं नये. तेथें रंग सर्वांत पातळ असतो.

साताऱ्याच्या भगिनींच्या मोटारीस बहुधा हा पारदर्शक लेप नसेल. परीक्षा करणें सोपें आहे. दाराच्या आंतल्या कडेस सौम्य पॉलिश पांढऱ्या फडक्यानें लावून पाहावें. फडक्यावर मोटारीचा रंग उतरला, तर रंग एकेरी आहे. असा रंग वरच्यावर उन्हानें पांढुरका पडतो, आणि तेवढा मेलेला थर काढला कीं खालून मूळचा रंग इतका टवटवीत निघतो कीं घरांतलीं मुलें थक्क होतात. हाच मोहाचा क्षण. फडक्यावर जो रंग दिसतो तो मामंजींच्या मोटारीचा रंग आहे. तो परत बाटलींत भरतां येत नाहीं. एका दारावर, हातानें, दोन वीत जागेंत दोन-तीनदां फिरवून पाहावें. फडक्यावर करडा किंवा तांबूस अस्तराचा रंग येऊं लागला तर त्या क्षणीं थांबावें. टप आणि बॉनेट उन्हानें अधिक झिजलेलीं असतील. तेथें पॉलिश अर्धेंच करावें आणि मेणावर भर द्यावा. थोडी मंद पण सर्वत्र सारखी झांक, ही ठिकठिकाणीं अस्तर दाखवणाऱ्या झगझगाटाहून कितीतरी बरी. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनें २०२३ सालीं रस्ता सोडला. कुर्ल्याच्या कारखान्यांत अशा मोटारी आतां होत नाहींत. मूळ रंगासह उभी असलेली मोटार ही पुन्हां रंगवलेल्या मोटारीहून जाणकारांच्या दृष्टीनें अधिक मोलाची असते. भावोजींशीं बोलतांना हा मुद्दा उपयोगीं पडेल.

मेण कोणतें, असें पुष्कळ विचारतात. ब्राझीलच्या ईशान्य भागांत कार्नोबा नांवाचा ताड होतो, त्याच्या पानांवरील मेण सर्वांत कठीण. त्याची चकाकी उबदार दिसते, पण आपल्या उन्हापावसांत दोन-तीन महिन्यांवर टिकत नाहीं. कृत्रिम लेप अधिक टिकतात. सिरॅमिक म्हणून जो महागडा लेप सध्यां जाहिरातींत गाजतो, तो चांगला असला तरी खडा उडून पडणारा टवका तो अडवीत नाहीं आणि धुण्यापासून सुटकाहि देत नाहीं. ज्या घरांत हात चालवणारीं चार माणसें आहेत, त्यांनीं साधें मेण पावसाळ्यापूर्वीं एकदां आणि दसऱ्याच्या सुमारास एकदां लावावें. कोंकणांत व गोव्यांत खाऱ्या वाऱ्यामुळें ह्याहून अधिक वेळां, आणि खालच्या अंगास गोड्या पाण्याचा फवारा अगत्याचा.

विजेच्या यंत्रानें पॉलिश करावें काय? नवशिक्यानें गरगर फिरणारें यंत्र हातीं धरूं नये. तें एका जागीं दोन क्षण अधिक थांबलें तर रंग जळतो. आणि घरांतील स्त्रियांस आमची विशेष विनंति आहे कीं, छिद्र पाडण्याच्या यंत्रास मऊ चाक लावून बंपर उजळण्याचा प्रकार पदर, ओढणी, मोकळी वेणी किंवा मंगळसूत्र असतांना कधींहि करूं नये. फिरतें चाक कापडाची कडा पकडतें आणि सोडवण्यास वेळ देत नाहीं. पुरुषांनींहि हातमोजे घालून तें चालवूं नये; मोजाहि असाच गुंडाळला जातो.

समोरच्या दिव्यांविषयीं थोडें. सातारच्या मोटारीचे दिवे कांचेचे, त्यांना हें लागू नाहीं. नव्या मोटारींचे दिवे पॉलिकार्बोनेट नांवाच्या प्लास्टिकचे असतात, आणि उन्हानें वरचा संरक्षक थर गेला कीं ते पिवळे, धुरकट होतात. रात्रीं रस्ता अंधुक दिसतो, आणि वयस्क चालक चष्म्याला दोष देत बसतात. दांत घासण्याच्या पेस्टनें ते उजळतात हें खरें. पण तें पॉलिशच होय. उरलासुरला थरहि त्यानें जातो आणि कांहीं महिन्यांत दिवा पुन्हां पिवळा होतो. नीट करावयाचें तर ओला कांचकागद आठशें किंवा हजारपासून तीन हजारापर्यंत क्रमानें, मग पॉलिश, आणि शेवटीं अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप हा हवाच. शेवटची पायरी करणार नसाल तर पहिलीस हात घालूं नका.

चाकांवरील काळी-तांबूस पूड ही ब्रेकची. तिच्यासाठीं लोखंड विरघळवणारें जें द्रव मिळतें, त्याचे जांभळे ओघळ येतात आणि वास फार वाईट असतो. तें उघड्यावर वापरावें, वाळूं देऊं नये. चाकें धुण्याचीं कांहीं द्रवें हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या जातीचीं असतात. तीं घरांत आणूंच नयेत. त्यानें भाजलेलें आरंभीं दुखतहि नाहीं, आणि तोंवर तें आंतपर्यंत पोंचलेलें असतें. कोणतेंहि आम्ल आणि कपडे पांढरे करण्याचें ब्लीच एकत्र आलें कीं क्लोरीनचा विषारी वायु निघतो, हेंहि मुलांस सांगून ठेवावें. टायर काळे दिसावेत म्हणून लावावयाचें तेलकट द्रव बाजूंनाच लावावें. जमिनीस टेकणाऱ्या भागास, ब्रेकच्या चकत्यांस, आंत पायांखालच्या पट्ट्यांस आणि सुकाणूच्या चाकास तें लागतां कामा नये. धुऊन झाल्यावर मोटार अंगणांतच चार पावलें पुढेंमागें घेऊन ब्रेक दोन-तीनदां हळूच दाबावे, म्हणजे चकत्या कोरड्या होतात.

बॉनेटच्या आंत पाण्याचा जोराचा फवारा मारूं नये. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील नारिंगी तारांस तर बोटहि लावूं नये. जुन्या मोटारींत बॅटरीच्या टोंकांवर पांढरट-हिरवट खवले धरतात. ऋण टोंक आधीं सोडवावें, मग धन. खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून जुन्या दांतघासणीनें लावला कीं फेंस येऊन खवले सुटतात; कोरडें करून, प्रथम धन आणि मग ऋण जोडून, वर व्हॅसलिनचें बोट फिरवावें. पत्र्याच्या चकाकीशीं ह्याचा संबंध नाहीं. पण पूजेच्या दिवशीं मोटार सुरू झाली नाहीं तर सर्व श्रम फुकट जातील.

राहतां राहिली पूजा. हळदकुंकू ओलें करून बॉनेटवर स्वस्तिक काढण्याची रीति सर्वत्र आहे. हळदीचा डाग पांढऱ्या रंगावर आणि प्लास्टिकवर बसतो, कुंकू तेलांत कालवलेलें असेल तर अधिकच. स्वस्तिक समोरच्या कांचेच्या कोपऱ्यांत, चालकाच्या दृष्टीआड, काढावें. बॉनेटवरच हवें असेल तर मेण लावून झाल्यानंतर, नुसत्या पाण्यांत कालवून. झेंडूची माळ तारेनें बांधूं नये, दोऱ्यानें बांधावी, आणि ओलीं फुलें रात्रभर पत्र्यावर राहूं देऊं नयेत. नारळ मोटारीवर न फोडतां चाकापुढें जमिनीवर फोडावा. पाणी उडालें तर लगेच पुसावें. माळ संध्याकाळीं उतरवावी, आणि दुसऱ्या दिवशीं ऊन चढण्यापूर्वीं दोन तांबे पाणी ओतून पत्रा मऊ फडक्यानें टिपून घ्यावा.